प्रातिनिधिक नमुना

६ जानेवारी २०२५, सोमवार

नवीन नोकरी लागली म्हणून नवीन वही. वही खरं तर जुनीच. शहापूरची आमची माती तपासणीची प्रयोगशाळा बंद झाली तेव्हा कपाट रिकामं करताना ही मिळाली. प्रत्येक पानावर 'शेतकऱ्याचे नाव', 'सामू', 'सेंद्रिय कर्ब' असे रकाने छापलेले आहेत. त्यांच्यावरूनच लिहितो आहे.

बावीस वर्षं मी माती तपासली. शहापूर आणि मुरबाड तालुक्यात माझ्या हाताखालून गेलं नाही असं शेत क्वचितच असेल. आजपासून मी क्षेत्र समन्वयक. मुंबईच्या एका रुग्णालयाचा प्रकल्प आहे, बायकांच्या कर्करोगाची आगाऊ तपासणी करण्याचा. मुलाखतीत डॉ. मनस्वी मॅडमनी विचारलं, "नमुने गोळा करण्याचा अनुभव?" मी म्हटलं, "अंदाजे एकतीस हजार, मॅडम." बाकीच्या उमेदवारांचा शून्य होता. मातीचे का होईना, नमुने ते नमुने.

संध्याकाळी घरी येऊन हौसाला, म्हणजे बायकोला, सांगितलं. ती म्हणाली, "बायकांचा कुठला कॅन्सर?"

मी म्हटलं, "आतला."

९ जानेवारी, गुरुवार

शहापूरला प्रशिक्षण झालं. मी सोडून सगळ्या बायका. शेवटच्या बाकावर बसलो.

विषय गर्भाशयाच्या मुखाच्या कर्करोगाचा आहे. हे दोन शब्द एकदा लिहिले, पुरे झाले. इथून पुढे ग.मु. असं लिहीन.

मॅडम फार छान बोलतात. पूर्वी ग.मु. तपासायचं म्हणजे बाईला दवाखान्यात टेबलावर झोपावं लागायचं आणि कोणीतरी आत बघायचं. बायका यायच्याच नाहीत. आता नवीन संशोधन असं आहे की हा कर्करोग एका विषाणूमुळे होतो, म्हणून आधी तो विषाणूच शोधायचा. आणि त्यासाठी डॉक्टर लागत नाही. बाईने स्वतः दार लावून एक छोटा ब्रश आत फिरवायचा, नळीतल्या पाण्यात बुडवायचा, झाकण लावायचं. डॉक्टरने घेतलेल्या नमुन्याइतकाच हा नमुना भरवशाचा निघतो, हे जगभर तपासून झालं आहे.

मी हात वर करून विचारलं, "विषाणू निघाला म्हणजे कर्करोग झाला का?"

"अजिबात नाही. बहुतेकींचा आपोआप जातो. राहिला तर दहा-पंधरा वर्षांनी घात करतो. म्हणून आत्ता शोधायचा. तेव्हा मिनिटभराच्या शेकाने काम भागतं."

चांगला प्रश्न विचारल्याबद्दल सगळ्यांनी माझ्याकडे वळून बघितलं. पुस्तिका मिळाली. विषाणू कुठून येतो ते पान आठवर आहे. ते पान मी कोणाला वाचून दाखवणार नाही.

१५ जानेवारी, बुधवार

सुरुवात आपल्याच वाडीपासून करायची ठरली. सिद्धगडाच्या पायथ्याला एवढी जागरूक वाडी दुसरी नाही. दहा वर्षांपूर्वी मीच इथल्या बचत गटाच्या बायकांना मातीचा नमुना घ्यायला शिकवलं होतं, आणि त्यांच्याइतके सुबक नमुने तालुक्यात कोणी पाठवत नसे.

तीस ते पासष्ट वयाच्या बायकांची यादी केली. बचत गटात दहा आहेत. मी नऊ लिहिल्या. हौसा चव्वेचाळीसची आहे, म्हणजे वयात बसते. पण समन्वयकाच्याच बायकोचं नाव यादीत पाहून लोक काय म्हणतील? शिवाय आमच्या घरात असलं काही असणार नाही.

हौसाने यादी वाचली. काही बोलली नाही. म्हणजे पटलं.

१७ जानेवारी, शुक्रवार

समाजमंदिरात सभा घेतली. बोलायचं होतं लक्ष्मीताईंनी. त्या सापगावच्या, आशा कार्यकर्त्या, आता या प्रकल्पात माझ्याबरोबर आहेत. पण ऐन वेळी एका बाळंतिणीला घेऊन त्यांना मुरबाडला जावं लागलं. किटचं खोकं माझ्यापुढे ठेवून "भाऊ, तुमी सांभाळा" म्हणाल्या आणि गेल्या.

समोर सगळ्या बायका. त्यांत माझी चुलत वहिनी, दोन भावजया आणि पुढेच ठकी आत्या. आत्या एकाहत्तरची आहे, यादीत नाही, पण वाडीतली सभा तिच्याशिवाय होत नाही. पण अनुभव कामी आला. मी म्हटलं, "बायांनो, तुम्हाला मातीचा नमुना घेता येतो ना?"

"येतो की."

"मग अगदी तसंच. फक्त माती नाही."

ठकी आत्या म्हणाली, "मग काय रे?"

"पुस्तिकेत चित्र आहे," असं सांगून मी किट वाटले. सभा चार मिनिटांत आटोपली. एकही शंका नाही. समजावून सांगण्याची कला असावी लागते.

खोकं तिथेच राहिलं होतं, ते हौसाने नंतर घरी आणून ठेवलं.

२० जानेवारी, सोमवार

नमुने बंद पिशवीत मिळाले. पिशवी उघडून बघणं मला सभ्यपणाचं वाटेना. तशीच शहापूरला पोहोचवली.

३० जानेवारी, गुरुवार

मॅडमनी तातडीने बोलावलं. टेबलावर पिशवी उघडलेली. आत एक भरलेली नळी, बाकीच्या सगळ्या रिकाम्या, धुऊन वाळवलेल्या. भरलेल्या नळीवर सुवाच्य अक्षरात लिहिलं होतं: 'मागील पीक भात. पुढील पीक वाल. पाण्याची सोय विहीर. प्रातिनिधिक नमुना.'

खरं सांगायचं तर क्षणभर माझी छाती फुगली. एकही रकाना सुटला नव्हता.

"महिपतराव, हे काय आहे?" मॅडम म्हणाल्या.

आम्ही दोघे लगेच वाडीत गेलो. बायकांनी काहीही न लपवता सगळं सांगितलं. शेताचा नमुना घेताना आठ-दहा ठिकाणची माती एकत्र करतात, ढीग करून त्याचे चार भाग करतात, समोरासमोरचे दोन टाकतात, उरलेले दोन मिसळून पाठवतात. यांनी सगळ्यांच्या नळ्या एका टोपात ओतल्या, ढवळल्या, चार वाट्यांत वाटल्या, दोन वाट्या जास्वंदीच्या मुळाशी टाकल्या आणि उरलेलं एका नळीत भरलं.

मॅडमनी बराच वेळ डोळे मिटून घेतले होते. मग विचारलं, "हे असं करायला तुम्हाला कोणी सांगितलं?"

सगळ्या बायकांनी आधी माझ्याकडे बघितलं आणि मग आढ्याकडे. ठकी आत्या म्हणाली, "कोनी नाय. आमचं आमालाच सुचलं."

खेड्यातल्या बायका कुठून काय उचलतील याचा नेम नाही. मी त्यांना चांगलाच दम दिला. त्या गालातल्या गालात हसत होत्या, ते का ते कळलं नाही. टोप कोणाचा, असंही मॅडमनी विचारलं. ठकी आत्या चहा ठेवायला उठली. आमच्या टोपासारखा दिसत होता, पण टोप सगळे सारखेच दिसतात.

वाईट बातमी पुढे आहे. तो एकत्र नमुना तपासला गेला होता आणि त्यात विषाणू निघाला. म्हणजे यांच्यापैकी कोणाला तरी आहे. यादीतल्या सगळ्यांचे पुन्हा वेगवेगळे नमुने घ्यायचे. या वेळी समजावून सांगायला लक्ष्मीताई. मला मॅडमनी आवाराबाहेर उभं राहायला सांगितलं.

१२ फेब्रुवारी, बुधवार

नऊच्या नऊ जणींचा अहवाल स्वच्छ!

मॅडम चक्रावल्या. "एकत्र नमुन्यात निघतो आणि एकेकीत नाही? आणखी कोणी होतं का त्यात?"

"यादी नऊचीच आहे," मी ठामपणे सांगितलं.

लक्ष्मीताईंना अचानक खोकला आला आणि त्या बाहेर गेल्या.

१६ फेब्रुवारी, रविवार

मला उलगडा होऊ लागला आहे. दोष बायकांत नाही, मिश्रणात आहे. नऊ निर्दोष गोष्टी एकत्र आल्या की दहावी सदोष गोष्ट तयार होऊ शकते. ग्रामपंचायतीत आपण हे नेहमी बघतो. हे कोणाच्या लक्षात आलेलं दिसत नाही. चार पानांचं टिपण लिहायला घेतलं आहे.

हौसाला अलीकडे माझ्या जेवणाची फार काळजी. आज तिने मला तांदळाची भाकरी करायला शिकवली. उकड काढण्यापासून. माझी भाकरी तव्यावर पडली तेव्हा तिचा आकार मुरबाड तालुक्यासारखा होता. एरवी हौसा हसली असती. म्हणाली, "येईल हळूहळू. यायला पायजेल."

१९ फेब्रुवारी, बुधवार

टिपण मॅडमना दिलं. प्रयोगही सुचवला: त्याच नऊ जणी, तोच टोप, पुन्हा मिश्रण. मॅडमनी चष्मा काढून टेबलावर ठेवला आणि म्हणाल्या, "महिपतराव, तुम्ही दोन दिवस सुट्टी घ्या." कामाची कदर झाली.

लक्ष्मीताई सारख्या घरी येतात. मी आलो की दोघी बोलायच्या थांबतात. आज हौसाने मला वालाचं बियाणं कुठे ठेवलंय ते दाखवलं, तिच्या आईच्या पाटल्या कुठे आहेत ते दाखवलं, आणि मुलीला पुण्याला दर रविवारी फोन करायचा, विसरायचं नाही, असं बजावलं. बहुतेक बहिणीकडे किन्हवलीला जायचं मनात असेल. मी विचारलं, "किती दिवस जाणार?"

म्हणाली, "कोनास ठाव."

२२ फेब्रुवारी, शनिवार

आज जे झालं ते जसं झालं तसं लिहितो.

दुपारी जेवताना मी हौसाला टिपण वाचून दाखवलं. तिसऱ्या पानावर तिने हात धुतले आणि समोर येऊन बसली.

"एक इचारू? तुमी येवढी माती तपासली. नऊ शेतांच्या मातीत खार नाय. पन ढिगात खार निघाला. तर तुमी काय बोलाल?"

"त्यात काय? ढिगात दहाव्या शेताची माती पडली आहे, असं म्हणेन. शेंबडं पोरही सांगेल."

बोलून झाल्यावर मी तिच्याकडे पाहिलं. ती माझ्याकडेच बघत होती.

"टोप आपलाच व्हता," ती म्हणाली.

माझ्या हातातलं टिपण ताटात पडलं. आमटीत. राहू दे तिथेच.

मी विचारलं, मला का नाही सांगितलंस? ती म्हणाली, "यादी तुमीच केली. माझं नाव तुमाला नको व्हतं. मी खोक्यातला एक किट घेतला. मंग त्या नऊजणी स्वच्छ निघाल्या, तवा कळलं की माझंच हाय. लक्ष्मीताई रोज बोलते, चल, काय व्हत नाय. पन तुमच्या कागदावर मी नायच, तर जाऊ कशी?" आणि मग रडली. वीस वर्षांत मी तिला दोनदा रडताना पाहिलं होतं, दोन्ही वेळा मयताला.

मी घाबरलो. एकतीस हजार लोकांच्या जमिनी तपासल्या आणि स्वतःच्या घराला वळसा घालून गेलो. असा मूर्ख माणूस मी दुसरा पाहिला नाही.

नंतर मी म्हटलं, "पण ते टोपात कशाला ओतलंत? मी नीट सांगितलं असतं तर..."

"आमाला काय चित्र कळत नाय? ज्याची त्याची नळी, सरळ व्हतं. पन ठकी आत्या बोलली, म्हैपत बोलतोय मातीसारखं, तर मातीसारखंच करा. एकीचं निघालं तर लोक तिला जगू देनार नाय. हिनं काय केलं, कुठं गेली व्हती, सगळं काढतील. टोपातलं निघालं तर वाडीचं निघंल."

दम दिला होता मी त्यांना.

२३ फेब्रुवारी, रविवार

पान आठ वाचलं. विषाणू नवऱ्याकडूनही येतो. वीस-वीस वर्षं गुपचूप बसून राहू शकतो, म्हणून कोणाकडून आला ते कोणालाच सांगता येत नाही.

लग्नाआधी मी दोन वर्षं भिवंडीला कामाला होतो. त्याबद्दल या वहीत काही लिहिणार नाही.

हौसाला पान आठ वाचून दाखवलं. पूर्ण. ती म्हणाली, "मला म्हाईत हाय. मी पयल्या दिवशीच वाचलं." आणि भाकरी थापत राहिली. मी तिच्या शेजारी बसून उकड मळली.

२५ फेब्रुवारी, मंगळवार

मॅडमना सांगितलं, यादी दहाची आहे. दहावी माझी पत्नी. नाव मी वगळलं होतं. आणि मातीसारखा नमुना घ्या, असंही मीच सांगितलं होतं. नोकरी गेली असं धरूनच बोललो.

मॅडम म्हणाल्या, "दुसरं मला माहीत होतं. तालुक्यात मातीवाला दुसरा कोण आहे?" मग म्हणाल्या, "गर्भाशयाच्या मुखाचा कर्करोग होऊ नये म्हणून आपण हे करतोय, महिपतराव. उद्या त्यांना घेऊन या. नमुना त्यांचा एकटीचा हवा."

१० मार्च, सोमवार

अहवाल आला. विषाणू आहे.

कर्करोग आहे की नाही ते मॅडम प्रत्यक्ष बघून सांगतील. अठरा तारीख दिली आहे. आठ दिवस. पुस्तिका मला तोंडपाठ आहे. 'बहुतेकींना काही होत नाही' हे वाक्य मी लोकांना पन्नासदा वाचून दाखवलं आहे. स्वतःला वाचून दाखवलं की त्यातला 'बहुतेकींना' हा शब्द घशात अडकतो.

१८ मार्च, मंगळवार

सकाळी हौसाला मोटारसायकलवर बसवणार, तर दारात जीप उभी. जीपमध्ये नऊ बायका आणि ठकी आत्या.

"तुम्ही कुठे?"

"दवाखान्यात. धाहीजनी चाललोत. यकटी गेली तर वाडीला कळल," आत्या म्हणाली. "आनि तू लांब बस तिथं. हिच्या शेजारी बसलास तर झालंच."

म्हणून शहापूरला मी बाकाच्या या टोकाला, हौसा त्या टोकाला, मध्ये सगळी वाडी. लक्ष्मीताईंनी मॅडमच्या कानात काहीतरी सांगितलं. मॅडमनी कपाळाला हात लावला आणि एकेकीला आत बोलवायला सुरुवात केली. आठ मिनिटं, दहा मिनिटं. नऊ जणींचं आत बसवून नुसतं ब्लडप्रेशर मोजत होते. ठकी आत्याही गेली. तिचे गुडघे तपासून घेतले.

हौसा सातवी. दार लागलं. आत काय चाललं असेल ते मला ओळीने माहीत होतं. आधी पातळ व्हिनेगर लावतात, बिघडलेला भाग पांढरा उमटतो. मग गरम केलेली सळी मिनिटभर टेकवतात. भूल लागत नाही. हे सगळं मी लोकांना 'अगदी सोपं' म्हणून सांगत आलो होतो. मी बाकाची कड इतकी घट्ट धरली होती की लाकडाची कूस बोटात गेली.

बावीस मिनिटांनी ती बाहेर आली. ठरल्याप्रमाणे माझ्याकडे न बघता पुढे गेली. सगळ्या झाल्यावर मॅडमनी मला फायली उचलायच्या निमित्ताने आत बोलावलं.

"कर्करोग नाही. कर्करोगाच्या बऱ्याच आधीचं होतं, तेही आता शेकून टाकलंय. एक वर्षाने परत तपासू."

मी फायली खाली ठेवल्या आणि रडलो. मॅडम खिडकीतून बाहेर बघत राहिल्या.

२१ मार्च, शुक्रवार

चार आठवडे जड उचलायचं नाही, असं हौसाला सांगितलं आहे. आणखीही एक पथ्य आहे, ते नवऱ्याशी संबंधित आहे.

पण एकट्या हौसानेच हंडे उचलायचे सोडले तर वाडीला दुसऱ्याच दिवशी कळेल. त्यामुळे दहाहीजणींनी आपापल्या घरी सांगितलं आहे की डॉक्टरनी चार आठवडे हंडा उचलायला मनाई केली आहे. दुसरं पथ्यही दहाहीजणींनी सांगितलं आहे.

आज सकाळी विहिरीवर माझ्यासकट दहा नवरे होते. एकालाही चुंबळ नीट बसवता येत नव्हती. त्यांतल्या शेखरचा हंडा दोनदा घरंगळत वालाच्या शेतात गेला. ठकी आत्याला नवरा नाही आणि तिनेही पथ्य धरलं आहे, म्हणून तिचं पाणी माझ्याकडे.

शेखरने मला बाजूला घेतलं. बाकीचेही दोर सोडून जवळ आले.

"म्हैपत, तू त्यांच्यातला मानूस. खरं सांग. धाहीजनींना कसं काय झालं? यकीचंच कोनाचं तरी असंल ना?"

नऊ तोंडं माझ्याकडे लागली होती. आयुष्यात मी नमुन्याबद्दल कधी खोटं बोललो नाही.

"नाही रे," मी म्हटलं. "दहाहीजणींना सारखंच. नवीन संशोधन आहे."

"मंग चार आठवडे?"

"सहासुद्धा लागतील," मी म्हटलं, आणि आत्याचा हंडा उचलला.